गावंसं वाटत नाही, रंगवावंसं वाटत नाही: डॉक्टरांना सांगायचं का?

तपासणी संपते, औषधांची चिठ्ठी हातात पडते आणि पेशंट चपला घालता घालता सांगतो, "आणि डॉक्टर, आताशा पेटीला हात लावू वाटंना." अशी वाक्यं मी बऱ्याचदा ऐकतो. कुणाचं भजन सुटलेलं असतं, कुणाची रांगोळी, कुणाचं चित्र, कुणाचं भरतकाम. गुडघा दुखतो हे सांगायला माणूस तासभर रांगेत बसतो. ही गोष्ट मात्र तो निघताना दारात सांगतो, कारण हा काही आजार नव्हे असं त्याला वाटत असतं.

कोल्हापूरला कलापूर म्हणायची पद्धत आहे. नावाजलेले चित्रकार, गायक, मूर्तिकार इथे होऊन गेले आणि आजही आहेत. पण त्यांच्याखेरीज इथे हजारो माणसं अशी आहेत की ज्यांचं नाव कुठे छापून येत नाही आणि तरीही ज्यांच्या आठवड्यात कलेची एक ठरलेली जागा असते. गुरुवारचं भजन, रविवारी रंकाळ्यावर बसून केलेलं जलरंगातलं चित्र, गौरी-गणपतीची सजावट. ही जागा रिकामी पडली की माणूस आतून थोडा खचतो. घरच्यांना ते दिसतं, पण त्याला काय म्हणावं हे कळत नाही. हा लेख त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

सुरुवातीलाच सांगतो. कलेत मन न लागणं हे बहुतेक वेळा आजाराचं लक्षण नसतं. प्रत्येक कलाकाराच्या आयुष्यात कोरडे दिवस येतात आणि जातात. मात्र काही वेळा ते शरीराच्या एखाद्या बिघाडाचं किंवा नैराश्याचं पहिलं लक्षण असतं. पगाराचं काम माणूस ओढूनताणून करत राहतो. ज्याची सक्ती नाही ते आधी सुटतं. म्हणून छंद सुटला तर त्याकडे लक्ष द्यावं.

आधी शरीराकडे बघू

"मन लागत नाही" असं म्हणणाऱ्या पेशंटला मी आधी विचारतो, "नेमकं काय होतं, कुठे अडतं?" कारण कधी कधी मन ठीक असतं आणि अडचण भलतीकडेच असते.

चाळिशी ओलांडलेल्या बाईंची रांगोळी किंवा भरतकाम सुटलं तर पहिला संशय डोळ्यांवर घ्यावा. चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास जवळचं धूसर दिसू लागतं. सुई ओवता येत नाही, ठिपके सरळ येत नाहीत, डोकं दुखतं. हे सगळं सावकाश होत असल्यामुळे "नजर कमी झाली" असं वाटत नाही, "आता कंटाळा येतो" असं वाटतं. जवळचा चष्मा लागला की कंटाळा पळतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्यावरच चष्म्याचा नंबर काढा. साखर वरखाली होत असताना नंबरही बदलत राहतो.

हातांचंही तसंच. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटात नस दबलेली असू शकते. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर बोटांचे सांधे कित्येक महिने आखडलेले राहतात. मधुमेहात खांदा गोठतो आणि तबल्यावर किंवा कॅनव्हासवर हात नेणं जड जातं. वय झालेल्या माणसाला भजनात बसवत नसेल, "नुसता गोंगाट वाटतो" असं तो म्हणत असेल, तर कान तपासून घ्या. उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे झाले की संगीताची गोडी जाते, आणि घरचे म्हणतात आजोबा चिडचिडे झाले.

गाणाऱ्यांसाठी एक सूचना वेगळी. आवाज बसलेला आहे आणि तीन आठवडे झाले तरी सुटत नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. तंबाखू, गुटखा, विडी यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही पुढे ढकलू नका. बहुतेकांना पित्ताचा त्रास किंवा आवाजाचा अतिवापर निघतो, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही.

चित्र काढणाऱ्या ज्येष्ठांच्या घरच्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. रेषा आणि सही दिवसेंदिवस बारीक होत चालली आहे का? एक हात दुसऱ्यापेक्षा सावकाश चालतो का? चेहऱ्यावरचे भाव कमी झालेत का? कंपवाताची सुरुवात अशीही होते, आणि त्यात हात थरथरायला लागण्याआधी उमेद गेलेली असू शकते.

थकव्यामागची नेहमीची कारणं तुम्ही ऐकली असतील: रक्त कमी असणं, थायरॉइड मंदावणं, साखर वाढणं, बी12 कमी होणं. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी12 कमी सापडतं. या तपासण्या साध्या आहेत. रात्री मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस संध्याकाळी चित्राला बसेल कसा? त्याला झोपेचा आजार आहे का ते बघायला हवं. काही औषधांनीही माणूस मंदावतो. सर्दीच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या, आणि कधी कधी खुद्द नैराश्यावरच्या गोळ्यांनीही "सगळं सपाट वाटतं" अशी तक्रार येते. अशी शंका आली तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. स्वतःहून बंद मात्र करू नका. हृदयाची गोळी एकदम बंद करणं धोक्याचं ठरू शकतं.

ओढ आधी की काम आधी?

आता शरीर ठीक आहे असं धरू. तरी कोऱ्या कागदासमोर बसवत नाही. अशा वेळी बहुतेक जण ओढ परत येण्याची वाट बघत बसतात. "आतून आलं की करेन." ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, पण मेंदूचं काम तसं चालत नाही.

एखादी गोष्ट करावीशी वाटणं आणि ती करताना मजा येणं या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मन खालावलेलं असताना पहिली जास्त मार खाते. म्हणजे मेंदू आधीच निकाल देऊन मोकळा होतो की काही मजा येणार नाही, कशाला उठतोस. पण प्रत्यक्ष बसलात तर दहा मिनिटांनी थोडीफार मजा आलेली असते. मेंदूचा अंदाज चुकलेला असतो. तो अंदाज खरा मानून आपण बसून राहिलो, तर मजा येण्याची संधीच जाते, मन आणखी खालावतं आणि उद्याचा अंदाज आजच्याहून वाईट येतो. हे चक्र तोडायला काम आधी करावं लागतं, ओढ मागून येते.

हे मी मनाने सांगत नाही. नैराश्यावरच्या एका उपचारपद्धतीचा हाच पाया आहे. माणसाला भावतील अशा छोट्या कामांची आखणी करायची आणि मनःस्थिती कशीही असली तरी ती करायची. आपल्या शेजारी गोव्यात 'संगत' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये यावर मोठा अभ्यास केला, तो 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेले जवळपास 500 रुग्ण त्यात होते. समुपदेशन करणारी माणसं डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नव्हती, प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक कार्यकर्ते होते आणि भेटी सहा ते आठ. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीची सेवा मिळालेल्या गटातले 39 टक्के. एवढा फरक एखाद्या गोळीने पडला असता तर तिची जाहिरात तुम्ही रोज पाहिली असती.

यातून घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट निघते. इच्छा नसताना दहा मिनिटं बसा. हार्मोनियमवर एकच राग, किंवा वहीत समोरच्या तांब्याचं चित्र. दहा मिनिटं झाली की उठायची पूर्ण मुभा. उठताना स्वतःला विचारा, बसण्याआधी वाटलं होतं तितकं कंटाळवाणं झालं का? आठवड्यात चार-पाच वेळा हे करा. थोडी का होईना मजा येत असेल तर तुमचे दिवस नुसते कोरडे आहेत, काळजीचं कारण बहुधा नाही. पाचही वेळा काहीच जाणवलं नाही, जणू दुसऱ्याचेच हात काम करत होते, तर मात्र पुढचा भाग नीट वाचा. ही काही रोगनिदानाची चाचणी नव्हे, पण डॉक्टरांना सांगण्यासारखी माहिती नक्की आहे.

दोन गवय्ये, दोन आजारपणं

कोल्हापूर दरबारात 1895 पासून राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेले उस्ताद अल्लादिया खाँ यांचं नाव इथल्या गाण्याच्या बैठकीत कान पकडून घेतलं जातं. कोल्हापुरात येण्याआधी, उत्तरेकडच्या आमलेटा संस्थानात असताना, अति गाण्यामुळे त्यांचा आवाज गेला होता. गवयाचा आवाज जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. पुढे आवाज परतला, पण पहिल्यासारखा नाही. पूर्वीची लवचीकता त्यात राहिली नव्हती. त्यांनी जुन्या आवाजाची वाट बघितली नाही. जो आवाज हाती उरला होता, त्याला साजेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणून जी गायकी आपण ओळखतो, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर जी गायल्या, ती त्यातून उभी राहिली.

दुसरं उदाहरण कुमार गंधर्वांचं. जन्म 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणीच नावाजलेले गायक. 1947 साली लग्न झालं आणि त्यानंतर लवकरच क्षयाचं निदान झालं. कोरड्या हवेसाठी 1948 च्या जानेवारीत ते माळव्यात देवासला राहायला गेले. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध 1943 साली अमेरिकेत सापडलं होतं, पण आपल्याकडे ते सहज मिळत नव्हतं. विश्रांती आणि हवापालट, एवढाच उपचार हाताशी. गाणं पूर्ण बंद. विशीतला, शिखरावर असलेला गायक सुमारे पाच वर्षं गाऊ शकत नव्हता.

या पाच वर्षांत ते काय करत होते ते बघा. पडल्या पडल्या ऐकत होते. दारावरून जाणारे भिक्षेकरी, लग्नात आणि सणावाराला गाणाऱ्या बायका, माळव्यातली लोकगीतं. त्या धुना कशा बनल्या आहेत याचा विचार करत होते. पत्नी भानुमतीबाई सेवा करत होत्या. पुढे औषध मिळालं, प्रकृती सुधारली आणि 1953 साली ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं, लांब दमाच्या ताना पूर्वीसारख्या शक्य नव्हत्या. त्यांनी छोट्या छोट्या तुकड्यांतून गाणं मांडलं. आजारपणात कानावर पडलेल्या लोकधुनांमधून त्यांनी नवे राग बांधले, आणि 1965 साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह प्रसिद्ध झाला.

पेशंटला ही गोष्ट सांगताना मी एवढंच दाखवतो की कुमारजींचं गाणं बंद होतं, गाण्याशी संबंध बंद नव्हता. जे करता येत नव्हतं त्याच्या शेजारचं काहीतरी ते करत होते. असामान्य माणसं होती हो, आपल्याला नवे राग बांधायचे नाहीत. पण ऐकणं तर आपल्याला जमतं? (आजच्या क्षयरुग्णांसाठी जाता जाता: साधा क्षय आता साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो, औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. गाणं पुन्हा कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारा, कारण सुरुवातीच्या काळात गाण्यातून आणि खोकण्यातून जंतू पसरतात.)

माझ्याकडचे एक सर

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. निवृत्त चित्रकला शिक्षक, पासष्ट वर्षांचे. हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, रिपोर्ट छान. चालायला जातात, पथ्य पाळतात. पण चित्रांची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. घरच्यांनी दोष गोळ्यांना दिला. मुलगा म्हणाला, "बाबांना आता विश्रांतीच बरी."

मी सरांना दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होतं का? गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, मजा येत नाही असं होतं का? दोन्हीला उत्तर "हो". नुसती चित्रं नाही, नातवंडांशी खेळणं नको, आवडीची मिसळ नको, पेपर उघडून तसाच बाजूला. पहाटे तीन-चारला जाग. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाचातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं. आपल्याकडे त्याला "धसका घेतलाय" म्हणतात आणि सोडून देतात.

सरांना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषध सुरू झालं. सोबत आमचं एक ठरलं, चित्र काढायचं नाही. पेटी माळ्यावरून खाली आणायची, ब्रश धुवायचे, सुकलेल्या ट्यूब फेकायच्या, पेन्सिलींना टोक करायचं. रोज पंधरा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात सरांनी आपणहून टोक केलेल्या पेन्सिलीने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर खिडकीतलं जास्वंद काढलं. आठ महिने होऊन गेले. मोठी तैलचित्रं ते पुन्हा करू लागलेले नाहीत, कदाचित करणारही नाहीत. ते म्हणतात, पूर्वीची तंद्री नाही. पण खिशात छोटी वही असते आणि तपासणीला येतात तेव्हा बाहेर रांगेत बसलेल्यांची चित्रं काढतात.

रोज थोडं, वाईट असलं तरी

सरांच्या गोष्टीतलं जे सगळ्यांना लागू आहे ते सांगतो. वस्तू डोळ्यांसमोर ठेवा. पेटीवर अभ्रा घालून ती कपाटात गेली की ती काढण्याची मेहनत हाच मोठा अडथळा होतो. वेळ ठरलेली ठेवा, आणि ती दुसऱ्या एखाद्या सवयीला बांधा: सकाळच्या चहानंतर, दिवा लावल्यावर. वेळ एवढा कमी ठेवा की टाळायला लाज वाटावी. दहा मिनिटं पुष्कळ.

नवीन सुचत नसेल तर नवीन करू नका. जुन्या चित्राची नक्कल करा, पाठ असलेला अभंग म्हणा, दुसऱ्याचं नक्षीकाम उतरवून घ्या. तानपुरा फक्त जुळवून ठेवणं, माती मळून ठेवणं, रांगोळीचे रंग चाळणं हेही त्यात धरा. आणखी एक जुनी युक्ती चांगली चालते. काम पूर्ण करून उठू नका, थोडं शिल्लक ठेवून उठा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाशी गाठ पडत नाही, अर्धवट पानाशी पडते, आणि हात आपोआप पुढे जातो.

वाईट झालं तर होऊ द्या. अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 39 लोकांना 45 मिनिटं मनाला येईल ते बनवायला सांगितलं, माती, रंग, कागद काहीही. साधारण तीन चतुर्थांश लोकांमध्ये तणावाशी जोडलेल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं प्रमाण उतरलं, आणि हात सराईत आहे की नवखा याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, म्हणून मी त्यावर फार इमले बांधणार नाही. पण शरीराला होणारा फायदा चित्राच्या दर्जावर अवलंबून नसावा, हे मला माझ्या पेशंटकडे बघून पटतं.

एकट्याने जमत नसेल तर सोबत शोधा. भजनी मंडळात गायची इच्छा नसेल तर टाळ घेऊन मागे बसा, नाहीतर नुसते ऐकायला जा. शाहू स्मारक भवनात चित्रांचं प्रदर्शन असलं तर एक चक्कर मारा, काही काढलं पाहिजे असं नाही. दारूबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. "एक पेग घेतला की सुचतं" हे कलाकारांमध्ये फार चालतं. दारूने संकोच कमी होतो, सुचणं वाढत नाही. झोप बिघडते आणि खालावलेलं मन आणखी खालावतं.

कला हेच पोट असेल तर

बापट कॅम्पमधले किंवा गंगावेशीतले मूर्तिकार, गुजरीतले कारागीर, ऑर्डरवर रांगोळ्या आणि मेंदी काढणाऱ्या मुली यांना "रोज दहा मिनिटं करा" हा सल्ला हास्यास्पद वाटेल. गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने मूर्तिकार रात्र रात्र जागतो. अनंत चतुर्दशीनंतर मातीकडे बघवत नाही, हे आजारपण नाही, हा शीण आहे. त्याला आधी झोप द्या, दोन आठवडे पुरेशी झोप. मान, कंबर, डोळे तपासून घ्या. कर्जाची आणि न सुटलेल्या उधारीची काळजी असेल तर ती मनाची तक्रार म्हणून औषधाने मिटणार नाही, हेही मी सांगतो.

विश्रांतीनंतरही ओढ आली नाही, तर ऑर्डरीत नसलेलं, कुणाला दाखवायचं नसलेलं काहीतरी छोटं करून बघा. मूर्तिकाराने पोरासाठी मातीचा बैल करावा. विकायचं नाही म्हटलं की हात मोकळा होतो.

घरच्यांना

"अगं, किती छान गायचीस, आता का गात नाहीस?" हे प्रेमानेच विचारलं जातं, आणि ऐकणाऱ्याला टोचतं. आधीच तिला अपराधी वाटत असतं. त्यापेक्षा शेजारी बसा. "मला तो अभंग शिकव ना" म्हणा. पेटी पुसून समोर ठेवा आणि विषय काढू नका. दहा मिनिटांचं चित्र झालं तर लगेच फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, निदान विचारल्याशिवाय नको. चांगलं दिसण्याचा दबाव आला की ती वही पुन्हा बंद होते. पडून आहे म्हणून हार्मोनियम विकणं, रंग भाचरांना देऊन टाकणं, हे निर्णय आजारपणात घेऊ नका.

फ्रेंच चित्रकार हेन्री मातिस विशीत अपेंडिक्सच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा वेळ जावा म्हणून आईने त्याला रंगांची पेटी आणून दिली. तोवर तो वकिलाच्या कचेरीत काम करत होता. पुढे 1941 साली पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला उभं राहून रंगवणं कठीण झालं, तर खुर्चीत आणि पलंगावर बसून तो रंगीत कागद कात्रीने कापू लागला. मदतनीस ते तुकडे भिंतीवर लावायच्या. दोन्ही वेळा शेजारच्या माणसाने वस्तू हाताशी आणून दिली, एवढंच.

जोडीदार गेल्यानंतरची शांतता वेगळी असते. आपल्याकडे वर्षभर सणसमारंभ टाळतात, आणि त्यात बाईचं गाणंही थांबवलं जातं. नवरा तबल्यावर आणि ती पेटीवर अशी चाळीस वर्षं गेलेली असतात. मग पेटी उघडली की रडू येतं म्हणून घरचे ती उचलून ठेवतात. रडू येऊ द्या. दुःखात रडणं हे बिघाडाचं लक्षण नाही. तिला गावंसं वाटलं तर वर्ष व्हायची वाट बघायला लावू नका, आणि नाही वाटलं तर आग्रहही नको.

कधी कधी ओढ असते, वेळच नसतो. अर्धांगवायूच्या सासऱ्यांचं सगळं करणाऱ्या सुनेला चित्रात मन लागत नाही असं नाही, तिला सलग अर्धा तास मिळत नाही. तिथे उपाय घरातल्या दुसऱ्या माणसाने करायचा आहे. आठवड्यातले दोन अर्धे तास तिचे, त्या वेळात सासऱ्यांचं सगळं तो बघेल.

डॉक्टरांकडे कधी यायचं

नुसती कलाच नाही तर जेवण, माणसं, गप्पा, सगळ्यातलाच रस गेला आहे आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस झाले आहेत. झोप किंवा भूक बिघडली आहे. आपण ओझं झालो असं वाटतं. बाळंतपणानंतर आईचं मन दोन आठवडे उलटले तरी सावरत नाही. यातलं काहीही असेल तर या. उलटा प्रकारही ध्यानात ठेवा. महिनोन्‌महिने गप्प असलेला माणूस अचानक तीन-चार रात्री न झोपता चित्रांमागून चित्रं काढतो, भराभर बोलतो, पैसे उधळतो, तर "स्फूर्ती आली" म्हणून खूश होऊ नका, लगेच तज्ज्ञांना दाखवा. त्याला फक्त नैराश्याची गोळी देणं धोक्याचं असतं, म्हणून हा इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जगणं नको, मरून जावंसं वाटतं असे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात न्या. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयातही मनोविकारांवर उपचार मिळतात.

औषध सुरू झालं तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बहुतेकांची आधी झोप सुधारते, मग भूक, मग चिडचिड कमी होते. कलेची ओढ पुष्कळदा सगळ्यांत शेवटी येते. "बरं वाटतंय, पण गावंसं अजून वाटत नाही, म्हणजे गोळी लागू पडत नाही" असं समजून अनेक जण याच टप्प्यावर औषध सोडतात. बरं वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने तरी ते चालू ठेवावं लागतं, आणि बंद करताना डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करत आणायचं असतं.